ग्रहण कुणाला लागले?

दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले, की आमच्याकडे अजूनही डॉक्टरच्या आधी पंचांग आठवते. ग्रहण कधी होते? पोटुशी बाई तेव्हा काय करीत होती? भाजी चिरली असेल, सुईत दोरा ओवला असेल. काही ना काही सापडतेच. बाळाच्या बारशाआधी आईवरचा आरोप शाबीत झालेला असतो.

या न्यायाधीशांना मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. पोटातल्या बाळाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. त्या वेळी पुष्कळ बायकांना दिवस गेल्याची नीट खात्रीदेखील नसते. मग पाचव्या-सातव्या महिन्यातल्या ग्रहणात चालवलेली विळी तो ओठ कापणार कशी? जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ वा टाळू दुभंगलेला असतो. जिथे लोक ग्रहण पाहायला हौसेने सहली काढतात, तिथेही असतो. आनुवंशिकता आणि इतर काही कारणे मिळून हे घडते. विळी त्यात नाही.

आणि हा ओठ शिवता येतो! तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा ओठ, साधारण दीड वर्षाच्या आत टाळू. १९९९ साली निघालेली ‘स्माइल ट्रेन’ ही संस्था इथल्याच डॉक्टरांकडून ही शस्त्रक्रिया मोफत करविते. २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही तिची सोय आहे. मिर्झापूरकडच्या अशाच एका मुलीवरच्या ‘स्माइल पिंकी’ या लघुपटाला २००९ साली ऑस्कर मिळाले. टाळू जुळला, की नाकावाटे येणारे दूध पोटात राहते, पुढे उच्चारांचे शिक्षण मिळाले तर बोलणे सुधारते, मूल शाळेत रमते. याला कुणी नुसती रूपाची हौस म्हणू नये.

‘मग मिटला की प्रश्न!’ असे सज्जन म्हणतात. मी पडलो शाळामास्तर. माझ्यासमोर मुलांबरोबर त्यांच्या आयाही येतात. एकदा एक बाई मुलाचे नाव घालायला आली. पोराचा ओठ केव्हाच शिवला होता, व्रण शोधावा लागे. पण बोलताना ती स्वतःच्या तोंडावरचा पदर काही काढीना. पाच वर्षे घरात आणि गल्लीत ऐकलेले ती अजून झाकीत होती.

दात्यांनी आणि डॉक्टरांनी आपले काम फुकट केले. उरलेले काम तुमचे-माझे आहे, आणि त्यालाही पैसे पडत नाहीत. या दिवाळीत फराळाला गेलात आणि त्या घरी असे बाळ दिसले, तर ग्रहणाची चौकशी करू नका. जिल्हा रुग्णालयात कधी जायचे ते विचारा. बाळाच्या बापाला सोबत न्या. आणि घरातल्या थोरल्या बाईने सर्वांदेखत एकदा म्हणावे, “सूनबाई, यात तुझा काही दोष नव्हता.”