नववी आली, बॅट माळ्यावर!

आमच्या जुळे सोलापुरात हे दरवर्षीचंच आहे. पाचवी-सहावीत पोराला पांढरा ड्रेस, किट, उन्हाळी शिबिर, सगळं हौसेनं. आठवीची परीक्षा संपली की बॅट माळ्यावर! का? तर नववीपासूनच दहावीचा क्लास. आणि हेच आईबाप पुढं शाळेत विचारत येतात, "सर, ते खेळाचे सवलतीचे गुण कसे मिळतात हो?" घ्या!

यांचा हुकमी प्रश्न म्हणजे, "सगळेच काय अर्शिन कुलकर्णी होतात का?" नाही होत. पण आपल्याच जिल्ह्यातली किरण नवगिरे घ्या. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. आधी भालाफेक करायची, क्रिकेटकडं नंतर वळली. २०२२ मध्ये नागालँडकडून टी-२० सामन्यात नाबाद १६२ ठोकल्या आणि त्याच वर्षी भारताकडून खेळली. कुणाचं काय होणार हे तेराव्या वर्षी तुम्हाला कसं कळतं बुवा?

बरं, ज्यांचं काहीच होणार नाही त्यांचं काय? खेळू द्या की त्यांना! गणितात पहिला न येणाऱ्याचं गणित आपण बंद करतो का? (आम्ही आयटीवाले बघा, पस्तिशीत जिमची वर्षाची फी भरून पोट सांभाळत बसलोय.)

संध्याकाळी तासभर मैदान, एवढंच मागणं आहे. क्लासची वेळ बदलून मागा, फी आपणच भरतो ना? सामना असेल तर जरूर जा, पण गप्प बसा. सीमारेषेवरून "सरळ बॅटनं खेळ बे" म्हणून ओरडणारे बाप हे वेगळंच प्रकरण आहे. त्यांच्यावर पुढच्या शनिवारी.