मिसेस

दोस्तहो, एक फुटकळ शब्द घेऊ. मिसेस. आपल्याकडं नावाआधी 'सौ.' लावतात तसा. इंग्रजीत छापायला तीन अक्षरं आणि एक टिंब. बास.

एवढी शाई अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या मालकांच्या बहुतेक पेपरांना १९५० च्या आसपास परवडत नव्हती. गोऱ्या बाईला मिसेस ठरलेली. तिचा नवरा मास्तर असो की गुंड. काळी बाई मात्र नर्स असो, मास्तरीण असो, नातवंडांची आजी असो. ती नुसती मेरी, नाहीतर 'अमकी निग्रो बाई'. पुरुषांचं तेच. काळा माणूस तरणा असेपर्यंत 'बॉय', केस पिकले की 'अंकल'. मधला मिस्टर त्याच्या वाट्याला नाहीच.

ह्यातली हरामखोरी नीट समजून घ्या. बातमी खोटी नसायची. नाव खरं, गाव खरं, तारीख खरी. तरी ती बातमी आख्खी वर्णाची उतरंड घेऊन घरोघरी जायची. खोटं छापलं तर पकडता येतं. गाळलेला शब्द कसा पकडणार?

१९५५. मिसिसिपी. एमेट टिल, शिकागोचा १४ वर्षांचा पोरगा. ठार मारून नदीत फेकला. खटला सम्नर गावात. ज्या गोऱ्या बाईवरून हे घडलं ती कोर्टात मिसेस ब्रायंट. पोराचे आजोबा लागणारे मोझेस राइट, वय ६४, भर कोर्टात उभे राहिले आणि पोराला उचलून नेणाऱ्यांकडं बोट केलं. सरकारी वकील त्यांच्या बाजूचा, तरी तोंडात 'अंकल मोझ'. काळ्या वार्ताहरांना बसायला कडेला वेगळं टेबल. ज्यूरी सगळी गोरी. तासाभरात आरोपी सुटले. १९५६ साली त्याच दोघांनी पैसे घेऊन 'लुक' मासिकात खून कबूल केला.

त्या वेगळ्या टेबलावरच्या पेपरांनी, म्हणजे शिकागोच्या 'डिफेंडर'सारख्या काळ्यांच्या पेपरांनी, आपल्या बायकांना मिसेस छापलं. नेमानं छापलं. ती नुसती पत्रकारिता नव्हती, लढाई होती.

आता काहीजण म्हणतील, शब्दानं पोट भरतं काय? आधी भाकरी, मग मानपान. मला हा सवाल विचारणाऱ्यांच्या नावापुढं बहुतेक वेळा 'साहेब' लागलेलं असतं. मी उलट विचारतो: शब्द एवढा फालतू होता तर देऊन का नाही टाकला?

दिला नाही. १९६३ साली अलाबामातल्या गॅड्सडेनच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन ही चळवळीची कार्यकर्ती साक्षीला उभी होती. वकील म्हणाला, मेरी. ती म्हणाली, मिस हॅमिल्टन म्हटल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. न्यायाधीशानं कोर्टाची बेअदबी ठरवली. ५ दिवस कैद, ५० डॉलर दंड. १९६४ साली सुप्रीम कोर्टानं ती शिक्षा रद्द केली. एका संबोधनासाठी देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत जावं लागलं. आणि माँटगोमेरीत १९५५ च्या डिसेंबरात बसवर बहिष्कार टाकला, तेव्हाच्या तीन मागण्यांत एक हीच होती: ड्रायव्हरांनी आमच्याशी माणसासारखं बोलावं. पायपीट करून झिजलेल्या लोकांनी ती मागणी खाली ठेवली नाही.

पेपरवाल्यांना उशिरा जाग येते. केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या 'हेरल्ड-लीडर'नं २००४ साली पहिल्या पानावर कबूल केलं, की नागरी हक्कांची चळवळ आम्ही नीट छापलीच नाही. चाळीस वर्षांनी! तोवर कितीतरी मेऱ्या मिसेस न होताच मातीत गेल्या.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. नाव घेतलं तर नजरही घ्यायला पाहिजे. म्हाताऱ्या बापाला पाटलाच्या शेंबड्या पोरानं अरे-तुरे करणं आपल्याला नवं नाही. ते कानावर येतं म्हणून रक्त तापतं. छापलेलं अरे-तुरे आवाज करत नाही, म्हणून आपण चहा पीत वाचून टाकतो.

तेव्हा पोरांनो, पेपर वाचताना नावाआधी काय लागलंय ते बघा. कुणाला श्री., कुणाला मॅडम, आणि कुणाला काहीच नाही. जिथं काहीच नाही, तिथं बोट ठेवा. आणि संपादकाला विचारा, शाई संपली होती काय?