मदत आणि मालकी



धर्मादाय मदतीने आफ्रिकेतला शेतकरी परावलंबी झाला, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान सरसकट पटण्यासारखे नाही. नायजरमधील माराडी भाग पाहा. तेथे एका ख्रिस्ती संस्थेतर्फे काम करणारे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनाउदो यांनी आधी रोपे लावली; बहुतेक मेली. 1983 च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले, की शेतातली झुडपे म्हणजे तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांना फुटलेले धुमारेच आहेत. त्यांतले मोजके राखायचे, बाकीचे छाटायचे, एवढेच काम. रोपवाटिका नको, परदेशी पैसाही जवळपास नको. पुढे शेतकऱ्यांनीच एकमेकांचे पाहून हे उचलले आणि सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडे परतली.

आता पत्रलेखकाच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. 1984 च्या दुष्काळात धुमारे राखण्याच्या बदल्यात धान्य दिले गेले. ते थांबल्यावर अनेकांनी झाडे तोडली. खरे आहे. पण कायद्याने झाड सरकारचे असताना ते जपायचे कोणी, आणि का? वनखात्याची पकड सैल झाली, सरपण-चारा बिनधास्त वापरता येऊ लागला, तशी राखण पसरली. धान्यवाटप फसले म्हणून सगळ्याच संस्थांना धारेवर धरताना पत्रलेखकाने हा मालकीचा प्रश्न विचारातच घेतलेला नाही.