सांगितलं असतं तर पिक्चरच संपला असता

बायकांच्या प्रश्नांवर काम करणारी बाई सिनेमावर लिहायला बसली, की ती 'उंबरठा'वर लिहिणार हे ठरलेलं असतं. समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या आम्हा सगळ्यांना १९८२ सालच्या त्या सिनेमातली सुलभा महाजन जवळची वाटते, आणि ते योग्यच आहे. पण मी आज लिहिणार आहे ते रहस्यपटांवर. मला ते आवडतात. दिवसभर तेल्हारा तालुक्यातली गावं फिरून आलं, की रात्री खून कुणी केला, प्रेत कुठे लपवलं, पोलीस पोचणार की नाही, यात दोन तास छान जातात. मी काही सिनेमाची जाणकार नाही. पण सवयीनं बघता बघता काही गोष्टी डोळ्यांत भरल्या, त्या तुमच्यापुढे ठेवते.

सध्या ओरड अशी आहे की नवीन काही निघतच नाही, जुन्याच कथांचे रिमेक आणि चाललेल्या सिनेमांचे पुढचे भाग. मला त्यात वावगं वाटत नाही. श्रावणातल्या कहाण्या दरवर्षी त्याच असतात, तरी आपण ऐकतोच. सांगणारी बदलली की कहाणीत थोडा फरक पडतो. रिमेकचंही तसंच. म्हणून रिमेक बघताना मी एवढंच बघते, की यांनी काय बदललं आणि कशाला हातही लावला नाही.

मराठीतलंच उदाहरण घेऊ. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ साली आला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो बेतलेला होता. दोन वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून हिंदीत 'मेरा साया' काढला. वकील नवऱ्याची बायको वारलेली आहे. पोलीस एका बाईला गुन्हेगार म्हणून पकडतात, ती हुबेहूब त्या बायकोसारखी दिसते आणि म्हणते, मीच तुमची बायको. नवरा भर कोर्टात तिची उलटतपासणी घेतो. ती दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नसलेल्या खुणा सांगते, तरी त्याला पटत नाही. शेवटी ती खरीच निघते. म्हणजे सबंध सिनेमाभर आपण श्वास रोखून बसतो, कारण एक बाई खरं बोलते आहे आणि तिच्या शब्दाला किंमत नाही. तिच्यावर पहिल्याच दिवशी विश्वास ठेवला असता तर पिक्चर तिथेच संपला असता.

तिथून मी 'दृश्यम'वर येते. रहस्यपट, रिमेक आणि पुढचा भाग, तिन्ही त्यात आहे. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम सिनेमा २०१३चा. मग कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, पुढे श्रीलंकेत सिंहली आणि २०१९ साली चिनी. हिंदी 'दृश्यम' (२०१५) आपल्या निशिकांत कामतांनी केला आणि गोव्यात घडवला. विजय साळगावकर हा केबलवाला, चौथी नापास, पण पिक्चर बघून बघून शहाणा झालेला. तो कुटुंबाला कसं वाचवतो हे बघताना आपण त्याच्या बाजूचे होऊन जातो. मीसुद्धा होते.

आता तीच गोष्ट मुलीच्या बाजूनं सांगून बघा. शाळकरी अंजू निसर्ग शिबिराला जाते. तिथे एक मुलगा चोरून तिचं आंघोळ करतानाचं चित्रण मोबाइलवर करतो. मग ते दाखवून तिला धमकावतो. रात्री घरी येतो. आई हात जोडून विनवते, तर तो आईकडेच तशी मागणी करतो. मुलगी दांडा उचलते, घाव वर्मी लागतो आणि तो मरतो. बाप त्या वेळी ऑफिसात पिक्चर बघत बसलेला असतो. हे सगळं पहिल्या काही वेळात उरकतं. उरलेला सगळा वेळ बापाच्या हुशारीचा. दोन मुली आणि बायको यांचं काम एवढंच, की तो सांगेल ते वाक्य पाठ करायचं आणि पोलिसांपुढे जसंच्या तसं म्हणायचं.

हा सगळा थरार कशावर उभा आहे? मुलीनं कुणाला सांगायचं नाही, यावर. ज्या २०१३ सालाच्या अखेरीला मूळ सिनेमा आला, त्याच वर्षी दिल्लीच्या घटनेनंतर फौजदारी कायदा बदलला होता. बाईचं तिच्या नकळत असं चित्रण करणं हा ३५४ (क) कलमाखाली वेगळा गुन्हा झाला होता. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७७ आहे. पहिल्या गुन्ह्याला किमान १ आणि जास्तीत जास्त ३ वर्षं, पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षं कैद. अठराच्या आतल्या मुलींसाठी २०१२चा पॉक्सो कायदा होताच. त्यात मुलीचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा आहे, आणि तिचं नाव छापायला बंदी आहे. बलात्काराच्या हेतूनं अंगावर येणाऱ्याला रोखताना त्याचा जीव गेला तरी तो स्वसंरक्षणाचा हक्क, हे तर जुन्या दंडविधानाच्या कलम १००मध्येही होतं. हा बचाव कोर्टापुढे मांडता तरी आला असता. साळगावकरच्या घरात यातला एकही शब्द उच्चारला जात नाही.

बचत गटातल्या बायकांशी या सिनेमावर बोलले, तेव्हा एकीनं मला तिथेच अडवलं. "ताई, पोलिसाचाच पोट्टा हाय तो. पोरीनं कोनापाशी सांगाव मंग?" बरोबर आहे तिचं. मेलेला मुलगा पोलीस महानिरीक्षक बाईंचा एकुलता एक आहे. लॉकअपमध्ये लहान मुलीलासुद्धा मारतात, हे सिनेमानं लपवलेलं नाही. खेड्यातल्या बाईला ठाण्याची पायरी कशी वाटते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण त्या बाईला मी विदर्भातलीच एक गोष्ट सांगितली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तिच्यापाशी ना पैसा, ना शिक्षण, ना हुशार बाप. तिनं सांगितलं. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष सोडलं. तिला न्याय मिळाला नाही. पण १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईनं संमती नव्हती म्हटलं, तर कोर्टानं तिचं म्हणणं धरून चालायचं, हे तेव्हा आलं. आपल्या चळवळीच्या मुळाशी एका मुलीचं सांगणं आहे. सांगण्यानं काही होत नाही, हे म्हणून मला मान्य नाही.

आता पुढचा भाग. हिंदी 'दृश्यम २' २०२२ साली आला. सात वर्षं उलटली आहेत. अंजूला झटके येतात, ती रात्री दचकून उठते. गप्प राहण्याची किंमत त्या मुलीनं शरीरानं भरली, एवढं तरी या सिनेमानं दाखवलं, म्हणून सुरुवातीला मला तो पहिल्यापेक्षा प्रामाणिक वाटला. पण पुढे काय होतं? शेजारी एक जोडपं राहायला येतं. नवरा दारू पिऊन बायकोला मारतो. नंदिनी तिला आधार देते, तिच्याजवळ हळूहळू मन मोकळं करते, आणि एके दिवशी तिच्या तोंडून नको ते निघून जातं. ती शेजारीण पोलिसांची माणूस निघते. मारझोड खोटी, मैत्री खोटी.

रहस्यपट म्हणून ही कलाटणी उत्तम आहे, मीही चकित झाले. पण नंतर ते मनातून जाईना. सात वर्षांत ती बाई पहिल्यांदा दुसऱ्या बाईजवळ बोलते, आणि त्यानंच घर धोक्यात येतं. वाचवतो पुन्हा नवराच, आणि त्याची योजना तिला माहीत नसते. आपण गावोगाव सांगत फिरतो, की शेजारीण मार खात असेल तर दार वाजवा, गटात या, बोला. टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागणारा हा सिनेमा सांगतो, मार खाणाऱ्या शेजारणीपासून जपून राहा.

कुणी म्हणेल, कथाच तशी, रिमेक करणारे काय बदलणार? पण ते बदलतात. चिनी 'दृश्यम'मध्ये शेवटी बाप गुन्हा कबूल करून पोलिसांत हजर होतो. म्हणजे तिथे शेवटच बदलला. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चा (२०१६) हिंदीत 'धडक' (२०१८) झाला, तेव्हा करमाळ्याकडची माणसं उदयपूरला गेली आणि ज्या जातीपायी आर्ची-परश्याचा जीव गेला, ती जातच पुसट झाली. नको असेल ते काढता येतं. मग 'दृश्यम' इतक्या भाषांत फिरला, तेलुगू तर श्रीप्रिया या बाईनं दिग्दर्शित केला, तरी मुलीचं गप्प बसणं कुणालाच का खटकलं नाही? मला वाटतं, ते कुठेच परकं वाटलं नाही म्हणून. गोव्यातल्या आईला कळलं, तसं तेल्हाऱ्यातल्या आईलाही न सांगता कळतं, की फोटो निघाला तर अब्रू मुलीची जाते, काढणाऱ्याची नाही.

इथलं वास्तव हेच आहे. मोबाइलवरच्या फोटोवरून मुलीला धमकावलं गेलं आणि घरी कळलं, की आधी तिचा मोबाइल जातो, मग कॉलेज सुटतं, आणि दिवाळी झाली की तुळशीच्या लग्नानंतर तिच्यासाठी स्थळं बघायला लागतात. एका आईनं मला स्पष्ट विचारलं, "काहून सांगाव तिनं? सांगून पोरीचंच नाव खराब होते." घरातच सांगणारीला शिक्षा होत असेल, तर मुली गप्पच राहणार, आणि धमकावणारा त्याच भरवशावर असतो.

म्हणून गटांना माझी एक सूचना आहे. हे सिनेमे बघू नका असं मी म्हणणार नाही, मीही बघणं सोडणार नाही. उलट किशोरी मुली आणि त्यांच्या आयांना एकत्र बसवून 'दृश्यम' दाखवा. मुलगा धमकी देतो तिथे थांबवा आणि विचारा, अंजूनं आता कुणाला सांगावं? तुमच्या गावात ती कुणाकडे गेली असती? मग १०९८ ही मुलांची, १८१ ही बायकांची आणि १९३० ही सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन फळ्यावर लिहा. चित्रण पुरावा असतं, घाईनं पुसू नका, हेही सांगा. आणि आयांना वेगळं बसवून विचारा, तुमच्या पोरीनं उद्या असं काही सांगितलं, तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल? माझ्या मते या चर्चेला सिनेमापेक्षा जास्त वेळ ठेवा. 'दृश्यम'च्या तिसऱ्या भागाची घोषणा झालेली आहे. तोही मी बघेन. तुमच्या गटात काय उत्तरं आली, ते मात्र या अंकाकडे जरूर लिहून पाठवा.