ओटची लापशी आणि साखरेचा चमचा

घोड्याच्या तोबऱ्यातून माणसाच्या थाळीत यावयास ओट या धान्याला अमेरिकेत बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे ते मुख्यत्वे जनावरांचे खाद्य समजले जाई. स्कॉटलंड, आयर्लंड व जर्मनी येथून आलेली कुटुंबे तेवढी ते शिजवून खात. ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावच्या फर्डिनंड शूमाकर नावाच्या जर्मन दुकानदाराने ओट दळण्याची गिरणी घातली, पुढे 1877 साली 'क्वेकर' ही व्यापारी मुद्रा नोंदली गेली, आणि स्थलांतरितांची न्याहारी हळूहळू साऱ्या देशाची न्याहारी झाली. ज्यांचे पणजोबा मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत मजुरीस गेले आणि ज्यांच्या पुढल्या पिढ्या तेथून अमेरिकेत आल्या, त्या मराठी घराण्यांतही आता ओटचा डबा आढळतो. तो आला हे चांगलेच झाले. मात्र त्याचे काय केले जाते, याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे अवश्य आहे.

डब्यावर बहुधा हृदयाचे चित्र असते. त्यामागील हकीकत अशी की, क्वेकर कंपनीच्या अर्जावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी 1997 मध्ये ओटविषयी हृदयरोगाचा धोका कमी होण्याचा दावा छापण्यास अनुमती दिली. ओटच्या दाण्यात, विशेषतः त्याच्या कोंड्याकडील थरात, बीटा-ग्लूकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. पाण्यात शिजविताच तो फुगून बुळबुळीत होतो. लापशीच्या ज्या चिकटपणाविषयी मुले नाक मुरडतात, तो याचाच. आतड्यात हा चिकट लगदा पित्ताम्लांना आपल्यात गुंतवून शरीराबाहेर नेतो. पित्ताम्ले तयार करावयास यकृताला कोलेस्टेरॉल लागते. गेलेली उणीव भरून काढण्यासाठी ते रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते. जेवणातील साखर रक्तात उतरण्याचा वेगही या लगद्यामुळे मंदावतो. निसर्गाची ही योजना मोठी साधी व तितकीच विलक्षण आहे.

तथापि त्या अनुमतीतील आकडे फारसे कोणी वाचीत नाही. लाभासाठी दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लूकन पोटात जावे लागते. म्हणजे सुमारे 60 ग्रॅम कोरडे ओट, शिजविल्यावर साधारण दीड कप. डब्यावर दावा छापण्यास मात्र एका वाढणीत 0.75 ग्रॅम असले तरी पुरते. म्हणजे डब्यावरचे हृदय पाव हिश्शावरही मिळू शकते! शिवाय एकंदर आहारात संपृक्त स्निग्धांश व कोलेस्टेरॉल कमी असावे, ही अटही त्याच वाक्यात आहे. सर्व अटी पाळल्या तरी घातक कोलेस्टेरॉल उतरते ते पाच ते सात टक्के. त्यामुळे लापशी सुरू झाली म्हणून डॉक्टरांची गोळी आपल्या मनाने बंद करणे हा शुद्ध अविचार होय.

ओटमध्ये आणखी एक द्रव्यसमूह आहे. ओटच्या 'अव्हेना' या शास्त्रीय नावावरून त्यास 'अव्हेनॅन्थ्रामाइड' म्हणतात, आणि इतर धान्यांत तो आढळत नाही. प्रयोगशाळेत त्याचे दाहशामक गुण दिसून आले आहेत. ओटच्या बारीक पिठाने त्वचेची खाज शमते, तिचे श्रेयही बरेचसे त्यासच देतात. त्या पिठाला 2003 साली त्वचारक्षक म्हणून सरकारी मान्यता मिळाली. पण पोटात गेल्यावर हृदयास त्याचा किती उपयोग होतो, हे बीटा-ग्लूकनाइतके सिद्ध झालेले नाही. त्याच्या नावावर मोठमोठ्या घोषणा करणाऱ्यांपासून गृहिणींनी चार पावले दूर राहिलेले बरे.

या समाजाला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. 2010 साली शिकागो व सॅन फ्रान्सिस्को येथे 'मसाला' या नावाने दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रीपुरुषांची पाहणी सुरू झाली. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण श्वेतवर्णीयांहून कितीतरी अधिक निघाले. 2018 च्या अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत तर दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढविणारा एक घटक म्हणून नोंदला आहे. आणि याच घरांत सकाळी काय उघडले जाते? मेपल आणि तपकिरी साखरेच्या स्वादाची झटपट शिजणारी पुडी! एका पुडीत सुमारे 10 ते 12 ग्रॅम साखर असते. अमेरिकन हृदय संघटनेने स्त्रियांसाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा 25 ग्रॅम ठेवली आहे. जवळजवळ निम्मी न्याहारीतच संपली. त्यातच हे झटपट ओट इतके बारीक केलेले असतात की त्यांतील पिष्ट रक्तात लवकर उतरते. ज्या उसापायी पूर्वजांनी कंबर मोडून घेतली, त्याच उसाची साखर वंशजांनी आरोग्याच्या नावाने विकत घ्यावी, याला काय म्हणावे?

उपाय अवघड नाही. जाड पोह्यांसारखे चपटे ओट किंवा त्याहून चांगले म्हणजे नुसते तोडलेले दाणे घ्यावेत, आणि त्यांना साखरेऐवजी मीठ, ताक व जिऱ्याची फोडणी द्यावी. ज्यांना कांदा-मोहरी घातलेला उपमा आवडतो त्यांनी तो ओटचा करावा. मुगाच्या डाळीबरोबर खिचडीही उत्तम होते. मात्र ही वाटी पुरी-भाजीच्या जागी यावी. पोटभर न्याहारीनंतर वरून खाल्लेल्या ओटने वजन तेवढे वाढेल.

आणि ज्यांना ओट परके वाटते, त्यांच्यासाठी जव आहेच. पूजेत व श्राद्धकर्मात ज्या यवाला स्थान आहे, त्यातही हेच बीटा-ग्लूकन भरपूर असते, आणि 2005 साली प्रशासनाने तोच दावा जवालाही लागू केला. ओटमध्ये हा तंतू कोंड्याजवळ अधिक असतो, तर जवात तो दाण्याच्या गाभ्यापर्यंत पसरलेला असतो. म्हणून बाजारात मिळणारा सडलेला पांढरा जवही चालतो. रात्री भिजत घालून सकाळी मऊ शिजवावा. त्यात ताक घातले की आंबिलीची आठवण करून देणारा पदार्थ तयार होतो.