जांभळ्या दिव्याचा सिद्धान्त आणि पालेभाजी

घरातल्या बंद खोलीत पालक, शेपू किंवा लाल माठ वाढवू पाहणाऱ्यांना अलीकडे एक सिद्धान्त मोठ्या आत्मविश्वासाने ऐकवला जातो. पान हिरवे दिसते, म्हणजे ते हिरवा प्रकाश परतवते. परतवलेला प्रकाश वाया जातो. म्हणून फक्त लाल व निळ्या एलईडींचा जांभळा दिवा लावावा, की भाजी जोमाने वाढते आणि सत्त्वयुक्तही होते. पुढे दिव्याची किंमत सांगितली जाते.

या युक्तिवादाचा पायाच कच्चा आहे. हरितद्रव्य अल्कोहोलसारख्या द्रावकात विरघळवून मोजले, तर ते हिरवा प्रकाश फारसा शोषत नाही, हे खरे. परंतु पान म्हणजे परीक्षानळीतले द्रावण नव्हे. पानात पेशींचे अनेक थर असतात, त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांवर आदळून प्रकाश इतक्या वेळा वळतो की हिरव्या प्रकाशाचाही बहुतांश भाग कुठल्या ना कुठल्या हरितकणात शोषला जातो. डोळ्याला दिसतो तो उरलेला थोडा भाग. मॅक्री या संशोधकाने १९७२ मध्ये २२ पीकजातींच्या पानांवर प्रत्येक रंगाची कार्यक्षमता, म्हणजे शोषलेल्या दर प्रकाशकणामागे किती कार्बन डायऑक्साइड पकडला जातो, हे मोजले. लाल प्रकाश सर्वांत सरस ठरला, पण हिरवा निळ्याच्या मागे नव्हता. शिवाय लाल-निळा प्रकाश बहुतांशी वरच्या थरातच संपतो, तर हिरवा खोलवर आणि खालच्या पानांपर्यंत पोचतो. पन्नास वर्षे जुना हा निष्कर्ष जांभळ्या दिव्याच्या पुरस्कर्त्यांपर्यंत अद्याप पोचलेला नाही, यात दोष प्रकाशाचा नसावा.

गंमत अशी की रोपवाटिकांवर हिरवे शेडनेट ताणून ‘हिरव्या छायेत रोप सुखावते’ असे सांगणारा पंथही याच गोटातला. तेव्हा हिरवा रंग गुणकारी होता, आता निरुपयोगी ठरला; शेडनेटखाली रोप तगते ते मुख्यतः ऊन आणि ताप कमी झाल्याने, हे तेव्हाही सांगितले गेले होते.

सत्त्वाचा दावाही ढोबळ आहे. निळ्या प्रकाशाने तांबड्या लेट्यूसमध्ये अँथोसायनिन हे रंगद्रव्य वाढते, हे सिद्ध आहे. पण लाल माठाचा रंग बीटासायनिन या वेगळ्या कुळातील द्रव्याचा असतो, त्यामुळे लेट्यूसचा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येत नाही. जांभळ्या उजेडात पिवळे पडलेले पान आणि मावा नीट दिसत नाहीत, हे वेगळेच.

मग रंगाला काहीच अर्थ नाही काय? आहे, पण मर्यादित. निळा थोडा असावा, म्हणजे रोप लांबट न होता आटोपशीर राहते. लाल भरपूर असावा. आणि साध्या पांढऱ्या एलईडीत हे सर्व रंग असतात. पण रंगाच्याही आधी प्रकाशाची मात्रा येते. दर चौरस मीटरला सेकंदाला २०० मायक्रोमोल प्रकाशकण सोळा तास दिले, तर दिवसाला सुमारे ११.५ मोल होतात आणि चांगल्या दिव्याला त्यासाठी एक ते सव्वा युनिट वीज लागते. शेपूला मात्र इतका लांब दिवस फुलोऱ्याकडे ढकलतो, हेही ध्यानात ठेवावे.

शिवाय ही वीज खर्चायची कशासाठी? सोलापूरसारख्या ठिकाणी उन्हाचा तुटवडा नाही. तुटवडा पाण्याचा आणि एप्रिल-मे महिन्यांतील गारव्याचा. सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या वीजकेंद्रात कोळसा जाळायचा आणि त्या विजेने, बाहेर फुकट मिळणाऱ्या प्रकाशाचा दोन रंगांपुरता उरलेला तुकडा खोलीत आणायचा, हा व्यवहार कडक उन्हाळ्यातील रोपे किंवा कोवळी अंकुरभाजी यांपुरताच परवडणारा आहे. तरीही ज्याला दिवा घ्यायचा असेल, त्याने विक्रेत्याकडे रंगाची स्तुती न मागता एक आकडा मागावा: एक फूट अंतरावर दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण पोचतात? आकडा न मिळाल्यास दिवा घेऊ नये.