समोर चेहराच नाही

चिकपेटेतला साडीवाला गिऱ्हाइकाची बोटं बघतो. ती पदरावर किती रेंगाळली, त्यावर भाव सांगतो. माणूस वाचणं ते हे. आमची पोरं मोबाइलवर पोकर खेळायची आणि म्हणायची, 'साहेब, आम्हीही समोरच्याला वाचतो.' काय कप्पाळ वाचता? पडद्यावर दिसते फक्त लावलेली रक्कम आणि ती लावायला घेतलेला वेळ. त्यातूनही कळतं, नाही असं नाही. पण डोकं ताजं हवं. संत्री दोन तासांनी बदलतात ते काय उगाच? हरलेले पैसे परत मिळवायला रात्री दोनला बसलेल्याला बदली कोण देणार? वर जिंकलेल्या रकमेतून कंपनी आपला वाटा कापायचीच. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. 'कौशल्यावर अन्याय झाला' म्हणणाऱ्यांनी आधी पासबुक दाखवावं.